काहीही चालेल

"तुमच्या गोधडीला दोरा कोणत्या रंगाचा घेऊ?" असं ह्यांना विचारलं, तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "काहीही चालेल." 36 वर्षांच्या संसारात मी या दोन शब्दांना सगळ्यात जास्त घाबरते. 'काहीही चालेल' म्हणणाऱ्याला एकच गोष्ट चालते, आणि ती कोणती हे आपण ओळखायचं असतं.

कापड घरातच होतं. सासूबाईंची दोन सुती लुगडी, मामंजींचं धोतर आणि ह्यांच्याबरोबरच निवृत्त झालेले चौकडीचे चार शर्ट. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण गोधडी पाय पाहूनच बेतावी लागते. हे सहा फुटी. नऊवारी म्हणजे 27 फूट; त्याला चार पदर केले की पावणेसात फूट भरतात. सासूबाई जणू लेकाचं माप ठेवूनच लुगडी घ्यायच्या.

खरी पंचाईत टाक्यांची. मी खडूनं कोपऱ्यात एक कमळ काढलं. ह्यांनी ते पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत, म्हणजे कमळ गेलं. मग आडव्या रेघा मारल्या. ती गोधडी न वाटता दुरेघी वही वाटू लागली. सुनेनं मोबाइलवर परदेशातल्या पुरुषांच्या गोधड्या दाखवल्या, त्यांवर होड्या आणि बाण. आमच्याकडे होडीत बसून कोणी कुठे जायचं? शेजारच्या कोल्हापूरच्या वहिनी म्हणाल्या, "वाकळंला कसली आलीय नक्षी? कडंनं सुरू करायचं आणि फिरत फिरत आत यायचं." पटलं. काठाला समांतर धावदोरा, चौकटीत चौकट.

दुकानदारानं चकचकीत दोरा पुढे केला. "कधी तुटायचा नाही, ताई." तोच तर त्याचा दोष. जुनं सूत नाजूक असतं. दोरा तुटला तर टाका पुन्हा घालता येतो, दोऱ्यानं कापडच कापलं तर काय घालायचं? सुतीच घेतला. पण रंग? पांढरा मळतो. खाकी शर्टांच्या चौकडीत दिसेनासा होतो, आणि खोटं कशाला बोलू, पाच-सहा थरांतून सुई ओढून बोटांना घट्टे पाडून घ्यायचे ते टाके कोणाला दिसू नयेत म्हणून? गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज, चिंधेबुवा म्हणत. त्यांच्या चिंध्यांना दोरा कोणता, हे त्यांनी कधी पाहिलं नसेल. पण आमचे हे संत नव्हेत, मोजणी खात्यातले.

शेवटी राणी रंग घेतला. दोऱ्याला मेणबत्ती फिरवली, हातभर लांबीचाच ओवला (लांब घेतला की गुंता ठरलेला) आणि बसले. तिसऱ्या फेरीला हे टेप घेऊन आले. "इथे हद्द अर्ध्या इंचानं सरकलीय." रंगाबद्दल चकार शब्द नाही.

एका शर्टाचा खिसा मी टाके न घालता मोकळा ठेवला होता. त्यात आता चष्मा असतो. आल्यागेल्याला गोधडी उलगडून दाखवतात आणि सांगतात, "दोरा मीच निवडला."

सध्या मे महिना आहे. पंखा पाचवर ठेवून हे गोधडी पांघरून झोपतात.