परदेशी डिस्क घरात कशी आणावी

परदेशातून ॲनिमेच्या डिस्क मागवू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम घरात सांगायची किंमत ठरवून घ्यावी. खरी किंमत पुढे कार्डाच्या बिलावर कळतेच. घरची किंमत म्हणजे फक्त डिस्कची. त्यात टपालखर्च, कस्टमची ड्युटी आणि परकीय चलनावर बँक कापते ते तीन-साडेतीन टक्के धरू नयेत. हे गणित मी बारा वर्षं मांडतोय आणि बायको बारा वर्षं "बरं" म्हणतेय.

मग भूगोल. शाळेतला इथे कामाचा नाही. डीव्हीडीच्या नकाशावर जपान आणि इंग्लंड दोन नंबरच्या रीजनमध्ये शेजारी नांदतात, अमेरिका एक नंबरात, आपण पाचात. ब्ल्यू-रे आली तेव्हा पुन्हा वाटण्या झाल्या: जपान आणि अमेरिका 'ए', युरोप-ऑस्ट्रेलिया 'बी', आणि आपण चीन-रशियाच्या पंगतीला 'सी'. त्यामुळे टोकियोत घेतलेली डिस्क न्यूयॉर्कात बिनबोभाट चालते, आणि डोंबिवलीत प्लेअर ती तोंडात घेतो, चघळतो आणि बाहेर काढतो. 4के डिस्कना सहसा ही सोवळीओवळी नसतात, पण त्यांना प्लेअर वेगळा लागतो. सगळे रीजन वाचणारा प्लेअर घ्यावा हे उत्तम. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हवर भागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, त्याचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जिथे ठेवाल तिथे तो कायमचा. माझे चार बदल शिकण्यात गेले. पाचवा मेव्हण्याने इथे घेतलेला कुठलासा मारधाडपट बघण्यासाठी मला न विचारता वापरला. तो ड्राइव्ह आता मरेपर्यंत भारतीय आहे.

डिस्क कोणत्या देशाची घ्यावी? शहाण्याने अमेरिकेची घ्यावी. अख्खा सीझन एका खोक्यात, इंग्रजी सबटायटल्स, इंग्रजी डबिंग, आणि जपानच्या मानाने किंमत किरकोळ. जपानी आवृत्तीत एका डिस्कवर दोन-तीन भाग आणि किंमत सहा-सात हजार येन. बारा भागांची मालिका पुरी करायची तर माणूस पुरा होतो. याला कारण आहे. मध्यरात्रीनंतर लागणाऱ्या मालिकांचा खर्च बरीच वर्षं मूठभर वेड्या गिऱ्हाइकांना महाग डिस्क विकूनच निघायचा. वर इंग्रजी सबटायटल्स बहुधा नाहीत. याला जिब्ली स्टुडिओचा सन्माननीय अपवाद. त्यांच्या जपानी डिस्कवरही ती असतात.

मी जपानची घेतो.

कारण ओबी. डिस्कच्या खोक्याला कडेवरून गुंडाळलेली कागदाची पट्टी, किमोनोच्या कमरपट्ट्याचं नाव मिरवणारी. तिच्यावर किंमत, जाहिरात, आणि नशीब असेल तर 'शोकाई गेन्तेई', म्हणजे पहिल्या आवृत्तीपुरतंच. हे दोन शब्द दिसले की हात आपोआप कार्डाकडे जातो. ओबी चुरगळू नये, चिकटवू नये, आणि हरवली तर जुन्या बाजारात खोक्याचा भाव उतरतो. माझी एक हरवली. तीन दिवस घर पालथं घातलं, रद्दीसुद्धा उपसली. चौथ्या दिवशी ती आईच्या दासबोधात सापडली, खूण म्हणून घातलेली. "छान जाड कागद आहे रे," ती म्हणाली. तिथेच राहू दिली.

जुनं ते सोनं हे इथे मानू नये. 'स्पिरिटेड अवे'ची 2002 सालची जपानी डीव्हीडी इतकी तांबूस होती की लोक कोर्टात गेले. ब्ल्यू-रे घ्यावी.

अख्खी मालिका एका डिस्कवर आणि सातशे रुपयांत दिसली, तर ती चोरटी समजून नमस्कार करून पुढे व्हावं.

पार्सलवर 'भेट' लिहून घेण्याचा सल्ला देणारा भेटेलच. डिसेंबर 2019 पासून तो मार्ग बंद आहे. परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंची सवलत गेली. सूट उरली ती जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राखीला. राखीसोबतच्या भेटवस्तूला मात्र नाही, हेही नियमात लिहून ठेवलंय. लिहिणाऱ्याला माझ्यासारखे भाऊ ठाऊक असावेत. माझी मावसबहीण ओसाकाला असते. तिची राखी वेळेवर येते.

पावसाळ्यात डिस्कच्या कपाटात नव्या बुटांतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. बूट जास्त घ्यावे लागतात.

एवढं सगळं कशासाठी, असं बायको विचारते तेव्हा मी फनिमेशन या ॲनिमे दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेचं उदाहरण देतो. एप्रिल 2024 मध्ये ती सेवा बंद झाली आणि डिस्कसोबतचे कोड टाकून लोकांनी जमवलेल्या डिजिटल प्रती तिच्याबरोबर गेल्या. माझ्या कपाटातली डिस्क रात्रीत कोणी उचलून नेत नाही, असं मी ठणकावून सांगतो. "पण तू बघतोस कधी?" ती विचारते. या प्रश्नाला कुठल्याच रीजनमध्ये उत्तर नाही. चौसष्ट डिस्क आहेत, त्यातल्या तेवीस अजून सीलबंद.

सगळ्यात जास्त वेळा पाहिली ती 'माय नेबर टोटोरो', आणि ती माझ्यामुळे नाही. रविवारी दुपारी आई ती लावायला सांगते. सबटायटल्स वाचायला चष्मा लावत नाही. "पोरींची आई दवाखान्यात आहे, एवढं कळतं मला. वाचायचंय काय त्यात?" मांजराची बस आली की हातातली मेथी तशीच राहते.

गेल्या महिन्यात प्लेअरचा कप्पा उघडायचा बंद झाला. टोटोरो आत आहे. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, नवा घ्या. आईने तीन रविवार विचारलं, चौथ्याला विचारलं नाही.

तरी डोंबिवली पूर्वेत कोणाकडे 'ए' रीजनचा चालू प्लेअर असल्यास कळवावे. कप्पा उघडून डिस्क काढण्याचं माझ्याकडे लागलं. रविवारी चारला येऊ, दोघं. मेथी आम्ही आणतो.