पुढच्या जन्मीचा बायोडेटा

चाळिशी ओलांडलेल्या मराठी नोकरदाराला ‘पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला मिळाली तर काय व्हाल?’ असं विचारून पाहा. मुलगी कितवीत आहे हे त्याला बोटांवर मोजावं लागेल, गाडीचा विमा कधी संपतो ते बायकोला विचारावं लागेल, पण हे उत्तर तोंडपाठ. आंब्याची बाग. नाहीतर कोकणात होमस्टे. नाहीतर गावातलं छोटंसं वाचनालय. नाहीतर ताडोबात गाईड. मिसळीचं हॉटेल काढणाऱ्यांबद्दल या आठवड्यात लिहीत नाही. त्यांना सलग महिनाभर पहाटे चारला उठवून कांदा चिरायला बसवलं की पुरे.

ही सगळी स्वप्नं वरवर वेगळी दिसतात, पण त्या सगळ्यांत मे महिना नसतो. गिऱ्हाईक नसतं, उधारी नसते, आणि स्वतः मालक सोडून कुणी माणूसच नसतो.

बागेपासून सुरुवात करू, कारण हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतची निम्मी जनता मनानं तिथे राहायला गेलेलीच आहे. पहिली अडचण अशी की, महाराष्ट्रात शेतकरी व्हायचं तर आधी शेतकरी असावं लागतं. कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३ सांगतं, की शेतकरी नसलेल्याला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. डॉक्टर व्हायला आधीपासून डॉक्टर असावं लागत नाही, मंत्री व्हायला तर काहीच असावं लागत नाही. शेतकऱ्याला मात्र दाखला लागतो. मग सुरू होतो सातबाऱ्याचा शोध. ज्या चुलतकाकांना कित्येक वर्षांत दिवाळीचा फोन गेला नाही, त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी होते. आजोबांच्या नावावर काही होतं का, आत्यानं हक्कसोड केव्हा केलं, जुना फेरफार कुठे सापडेल. बऱ्याच पांढरपेशा घरांत हा शोध १९५७ सालापाशी येऊन थांबतो. त्या वर्षी १ एप्रिलला कसेल त्याची जमीन झाली, कुळं मालक झाली, आणि मुंबईत बसून खंड घेणारे आजोबा नुसतेच मुंबईकर उरले. तारीख १ एप्रिल असल्यामुळे काही घराण्यांना ती अजून थट्टाच वाटते. आता नातू माती हातात घ्यायला निघालाय. आजोबांनी घेतली असती तर प्रश्नच नव्हता.

समजा, काकांनी दया केली आणि नाव लागलं. हापूसची कलमं लावली. पहिली पाच-सहा वर्षं झाड काही देत नाही, फक्त मागतं. पुढे देऊ लागलं तरी एक वर्ष देतं आणि दुसऱ्या वर्षी रुसतं. थंडी लांबली की मोहर लांबतो. मोहर आला की तुडतुडे येतात, तुडतुड्यांवर फवारणी होते, फवारणीवर अवकाळी पाऊस पडतो, म्हणजे पुन्हा फवारणी. कैरी धरली की वानर. (२०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. वानरांनी ते फार आधी दिलं होतं.) त्यांच्या तावडीतून राहिलेलं फळ झेल्यानं उतरवायचं, पेट्या भरायच्या, वाशीला पाठवायच्या आणि दलालाची पट्टी येईपर्यंत नवस बोलत बसायचं. राखणीला रात्रीचं बागेत कोण असतं? नेपाळहून आलेला गडी. तुझ्या आयुष्यात तुला काय व्हायचं होतं, असं त्याला कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. मालक त्या वेळी पुण्यात असतो, आणि मोहराच्या फोटोखाली ‘समाधान’ असं लिहीत असतो.

होमस्टेचं स्वप्न यापेक्षा सुटसुटीत आहे. पुढे समुद्र, मागे माड, पडवीत झोपाळा आणि रस्त्यावर पाटी: घरगुती जेवण. हे जेवण कोण करणार, तेही ठरलेलं असतं. ‘ही’. ‘हिच्या हातचे उकडीचे मोदक खाऊन बघा, लोक रांगा लावतील!’ हिला अजून कुणी सांगितलेलं नाही, एवढंच. पाहुणे येतात मे महिन्यात, नेमके विहिरीनं तळ दाखवल्यावर. सहा सांगून नऊ येतात. मोबाइलला रेंज का नाही आणि एसी थंड का करत नाही, हे दोन प्रश्न झाले की तिसरा ठरलेला: सुरमई आजचीच ना? पावसाळी पाहुणा हाच प्रश्न जूनमध्ये विचारतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, असं त्याला सांगितलं की तो म्हणतो, ‘आमच्या ठाण्याला तर मिळते.’ रात्री तो गूगलवर तीन तारे देतो. चौथा तारा मोदकांमुळे मिळाला असता, पण मालकांनी ते स्वतः करून पाहिले होते.

वाचनालयवाल्यांना वाटतं, ग्रंथपाल दिवसभर वाचत बसतो. म्हणजे पेढेवाला दिवसभर पेढे खातो. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. त्याखाली वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवलेली आहेत, आणि गावातलं छोटंसं वाचनालय बहुधा ड मध्येच बसतं. अनुदान हप्त्यानं येतं, म्हणजे येईल तेव्हा येतं; सेवकाचं मानधन त्याच्याकडे डोळे लावून. वाचायला मिळते ती नोंदवही. रहस्यकथाही एकच: गेल्या वर्षीचा दिवाळी अंक कुणाकडे अडकलाय?

ताडोबाचं प्रकरण मात्र मनोरंजक आहे. हे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. मंगळवारी बंद, आणि पावसाळ्याचे तीन महिने गाभा क्षेत्र बंद, म्हणजे तेवढे दिवस तिथलं गाईडचं कामही बंद. गाईड आसपासच्या गावांतलेच. पहाटे जिप्सीत बसणाऱ्या पर्यटकाला जंगल नको असतं, वाघ हवा असतो. अस्वल दाखवा, रानगवे दाखवा, मगर दाखवा, तो मान डोलावतो आणि घड्याळ बघतो. वाघ दिसला नाही, तर परतताना गाईडकडे असा पाहतो, जणू यानंच तो सकाळी घरी बांधून ठेवलाय. आणि दिसला, तर गाईडच्या खांद्यावर थाप मारून म्हणतो, ‘तुमचं बरं आहे बुवा, रोज जंगल!’ गाईड हसतो. त्याचा मुलगा त्या वेळी गावाबाहेरच्या रस्त्यावर १६०० मीटर पळत असतो. पोलीस भरती जवळ आलेली असते.

आता एक जाहिरात देऊन पाहू. काम मोकळ्या हवेत. पहाटेचं धुकं, मातीचा वास. डोक्यावर छत नाही, समोर स्क्रीन नाही. नवरा-बायकोनं जोडीनं काम करायचं. दर हंगामात नवं गाव. पैसे कामाच्या आधीच हातात. कोथरूड आणि डोंबिवलीतून अर्जांचा खच पडेल. फक्त कामाचं नाव शेवटी छापा: ऊसतोड. बीडकडून दर दिवाळीच्या सुमाराला निघणाऱ्या जोडीला कारखान्याच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणतात. पैसे आधी मिळतात हे खरं, त्याला उचल म्हणतात, आणि ती फिटेपर्यंत मुकादम सोडत नाही हेही तेवढंच खरं. निसर्गाचं सान्निध्य भरपूर. पालातच राहायचं असतं. आमच्या मंडळींना माती हवी असते, पण आपल्या नावावरची आणि शक्यतो हातमोजे घालून.

मग खरंच उठून गेलेलं कुणी नाहीच का? आहेत की. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. १९६९ साली, बेचाळिसाव्या वर्षी, ते पूर्णवेळ नट झाले, आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं. हे उदाहरण बेचाळिशीतला प्रत्येक इंजिनियर देतो. मधला मजकूर तेवढा गाळतो. डॉक्टर कॉलेजात असल्यापासून नाटक करत होते. पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेच्या तालमी आणि दवाखाना बरोबरीनं चालू होते, मध्ये टांझानियात जाऊन शस्त्रक्रियाही करून झाल्या होत्या. पहिल्यापासून सुरुवात त्यांनी केलीच नाही. चालू होतं ते सोडलं नाही आणि दुसरं सोडलं. आमच्या इंजिनियरचा शेवटचा रंगमंच प्रवेश म्हणजे सोसायटीच्या गणपतीतलं कराओके, आणि तेही दोन कडव्यांनंतर बंद करावं लागलं.

निळू फुल्यांचं उदाहरण कुणी देत नाही. ते अडचणीचं आहे. निळूभाऊ पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. माती, रोपं, झारी, झाडांची सावली, वर सरकारी नोकरी. ज्या कामासाठी आज हिंजवडीतला मॅनेजर लठ्ठ पगार सोडायला निघालाय, ते काम त्यांच्या हातात होतं. त्यांना हवा होता रंगमंच.

बँकवाल्यांची तर रीतच वेगळी. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात. पन्नासच्या दशकात सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेला बँका, विमा, रेल्वे आणि पोस्ट यांनी पिढ्यान्‌पिढ्या नट पुरवले. सकाळी लेजर, संध्याकाळी तालीम. त्यांतले बरेचसे वाईट नट होते, काही तर फारच वाईट, पण पुढच्या जन्मी काय होऊ हा प्रश्न त्यांना पडत नसे, कारण साडेसहाला तालीम असे. आज ऑफिस पाचला सुटत नाही. सातला सुटलं तरी नऊला फोन येतो, अकराला व्हॉट्सॲपवर ‘जागे आहात का?’ येतं. मला दाट संशय आहे की, मंडळींना बाग नकोच आहे. त्यांना पाचला सुटणारी नोकरी हवी आहे. ती कुठल्या कंपनीत मिळेना, म्हणून बिचारे देवगडपर्यंत जातात.

आणि संधी मिळाली तर माणूस काय करतो, याची चाचणीही होऊन गेलेली आहे. २०००-०१ साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. देशभरातून लाखभर माणसं रक्कम घेऊन बाहेर पडली. बरीचशी पन्नाशीच्या आसपासची, धडधाकट, डोक्यावर साहेब नाही. जन्मभर बघितलेली स्वप्नं पुरी करायला आणखी काय लागतं? माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांनी ती रक्कम मुदत ठेवीत ठेवली, त्याच बँकेत, त्याच शाखेत. मग दर सोमवारी पासबुक भरायला जाऊन पूर्वीच्या सहकाऱ्यांना ‘कामं फार हळू चाललीत तुमची’ असं सुनावू लागले. ज्यांना मोकळ्या आयुष्याची ओढ अगदीच आवरेना, ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले.

तरी हा सगळा खेळ एकदा सुरुवात झालेल्यांचा. ज्यांची पहिलीच झालेली नाही, त्यांचं स्वप्न फार नेमकं असतं, त्यात झोपाळा नसतो. २०२४च्या पोलीस भरतीत जागा १७ हजारांवर आणि अर्ज १७ लाखांवर. त्याच्या आदल्या वर्षी तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांच्या वर, आणि त्यांत इंजिनियरही होते. म्हणजे एक इंजिनियर शेतकरी व्हायचं म्हणून सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात उभा, आणि दुसरा इंजिनियर तलाठी व्हायचं म्हणून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेला. दोघांची गाठ घालून दिली तर सरकारचे दोन अर्ज वाचतील.

परवा एका घरी जेवायला होतो. यजमानांनी होमस्टेचा नकाशा मांडला होता: खोल्या किती, झोपाळा कुठे, पाटीवर अक्षरं कुठल्या रंगाची. मोदक आलेच. कुणीतरी उगाच वहिनींना विचारलं, ‘आणि वहिनी, तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला मिळाली तर?’

वहिनींनी आमटीचा डाव तसाच हातात धरून विचारलं, ‘पहिल्यापासून म्हणजे कुठपासून? लग्नाच्या आधीपासून की नंतरपासून?’

यजमानांनी मठ्ठा मागितला.