थारवाल्यांनो, आधी सातपूरला विचारा

थार रॉक्स आल्यापासून नाशिकच्या तीन दारांच्या थारवाल्यांना एकाच प्रश्नाने पछाडलं आहे. आपली गाडी बंद होणार का? गंगापूर रोडच्या चहाच्या टपरीवर हाच विषय, पहिन्याच्या पावसात चिखलाने माखलेल्या गाड्यांच्या रांगेतही हाच. पाच दारांची थोरली आली म्हणजे धाकटीचे दिवस भरले, असं सरळ गणित मांडलं जातं. एकाचा मेव्हणा शोरूममध्ये असतो, दुसऱ्याचा मित्र महिंद्राच्या प्लांटमध्ये, आणि दोघांच्या आतल्या खबरा एकमेकींना छेद देणाऱ्या.

खबरांमागे धावायची गरज नाही. गाडीची लांबी मोजा. तीन दारांची थार 3,985 मिलिमीटर आहे आणि रॉक्स 4,428. आपल्याकडे चार मीटर ही रेघ सरकारने करासाठी आखली आहे आणि कुठली गाडी जगेल, कुठली मरेल, हे बऱ्याच अंशी त्या रेघेवर ठरतं. जानेवारी 2023 मध्ये महिंद्राने थारमध्ये दीड लिटरचं डिझेल इंजिन बसवलं, फक्त मागच्या चाकांना ताकद दिली आणि किंमत 9.99 लाखांपासून लावली. डोंगर चढणाऱ्या गाडीची पुढची चाकं मोकळी सोडली म्हणून हाडाचे थारवाले तेव्हा संतापले होते. पण 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा याच डिझेल थारवरचा कर 31 टक्क्यांवरून 18 वर आला. फोर बाय फोरचं इंजिन मोठं, म्हणून लांबी तीच असूनही तिचा कर 48 वरून 40 वरच आला, रॉक्सचाही 40. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये तीन दारांच्या थारची नवी आवृत्ती बाजारात आली. जी गाडी बंद करायची आहे तिच्यावर कुठलीही कंपनी असा खर्च करत नाही. म्हणजे नजीकच्या काळात धाकटी कुठे जात नाही. धोका असेलच तर तो तिच्यातल्या फोर बाय फोरला आहे, कारण 18 आणि 40 यांच्यामधली दरी गिऱ्हाईक रोज शोरूममध्ये बघतो आणि कंपनी ती महिन्याच्या हिशेबात बघते.

आता मालकांना एक थेट प्रश्न. तुमची काळजी नक्की कशाची आहे? ‘बंद होणार का’च्या पाठीला लागून ‘मग रिसेल किती येईल’ येतं, आणि तिथेच माझी सहानुभूती संपते. बंद पडली तर किंमत कोसळेल, या भीतीने निम्मे लोक आत्ताच विकायला निघाले आहेत. उरलेल्यांना वाटतं की बंद पडली की ती दुर्मिळ होईल आणि सोन्याच्या भावाने जाईल. दोघंही गाडीकडे मुदत ठेव म्हणून बघतात. 2019 मध्ये जुन्या थारला निरोप देताना महिंद्राने ‘थार 700’ काढली होती. फक्त 700 गाड्या, आनंद महिंद्रांच्या सहीची पट्टी लावलेल्या. ती काढावी लागली, कारण नवे सुरक्षा नियम आले होते आणि एप्रिल 2020 पासून बीएस सहा लागू होणार होतं, जुना सांगाडा त्यात बसणारा नव्हता. कारण स्पष्ट होतं, निरोप जाहीर होता, आणि घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे ठाऊक होतं. असा निरोप प्रत्येक गाडीला मिळायला हवा.

महिंद्राच्याच मराझोला तो मिळाला नाही, आणि हे मला मनापासून लागलं आहे. सप्टेंबर 2018 मध्ये ही गाडी नाशिकमध्येच लोकांसमोर आली, इथल्याच प्लांटमध्ये बनत होती. किंमत 9.99 लाखांपासून, ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे. भक्कम सांगाड्यावर बसवलेली आणि तरीही पुढच्या चाकांनी ओढली जाणारी, म्हणजे इंजिनिअरांनी खरोखर डोकं लावून केलेली गाडी. सात-आठ माणसांना शिर्डी, वणी करायला याहून आरामशीर वाहन त्या किमतीत कमीच होतं. जुलै 2024 मध्ये ती कंपनीच्या यादीतून अचानक गायब झाली, काही दिवसांत परत दिसली आणि पुढे विक्री गुपचूप थांबली. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून ती घेतली, त्या घरांना आपल्या गाडीचं काय झालं हे अंदाजाने समजून घ्यावं लागलं. अफवांचा जन्म असा होतो. थारवाल्यांच्या कुजबुजीला हसणाऱ्यांनी आधी मराझोवाल्यांना भेटावं.

नाशिकला ही कुजबुज नवी नाही. 2007 मध्ये महिंद्रा आणि रेनो यांनी मिळून लोगन आणली. 2010 मध्ये भागीदारी तुटली, पुढच्या वर्षी तीच गाडी व्हेरिटो झाली, आणि मधल्या काळात टॅक्सीवाले पार्ट मिळतील ना म्हणून हवालदिल. झायलोची शेपटी चार मीटरच्या रेघेवर छाटून 2012 मध्ये क्वांटो केली, तीही टिकली नाही. उलट बोलेरो बघा. 2000 सालापासून दर दोन-चार वर्षांनी तिच्या मरणाची बातमी येते आणि ती विकली जातेच आहे. 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एन आली तेव्हा जुनी स्कॉर्पिओ संपली म्हणून लोकांनी हात झटकले होते, दोन महिन्यांत ती ‘क्लासिक’ नावाने परत उभी राहिली. गावाकडचा गिऱ्हाईक मागतो तोवर गाडी चालते, मग शहरातल्या टपरीवर काहीही ठरो.

या सगळ्यात ज्यांना खरी काळजी करायचा हक्क आहे ते लोक चर्चेत कुठेच नाहीत. ते त्र्यंबक रोडला, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांत आहेत. तिथला छोटा वेंडर मॉडेलचं भवितव्य शोरूममध्ये विचारत नाही, तो महिन्याचं शेड्यूल वाचतो. चार हजार ब्रॅकेटचं अडीच हजार झालं, पुढच्या महिन्यात दीड हजार, की त्याला कळतं. त्या एका ब्रॅकेटसाठी त्याने डाय बनवलेली असते, प्रेस घेतलेला असतो, बँकेचा हप्ता चालू असतो. मॉडेल गेलं की डाय भंगारात जाते आणि हप्ता मात्र राहतो. त्याच्याकडचा कंत्राटी मुलगा तर त्याहून आधी घरी जातो. 2019 च्या मंदीत महिंद्रा आणि बॉश या दोघांनीही उत्पादन बंद ठेवायचे दिवस जाहीर केले होते. सिडकोतल्या किराणा दुकानांत त्या महिन्यांत उधारीच्या वह्या कशा फुगल्या, हे तिथे राहणाऱ्यांना आठवत असेल. या शहरात गाडीचं मॉडेल बंद होणं म्हणजे कुणाच्या तरी पोराची फी थांबणं आहे. तीन ऑक्टोबर 2024 ला रॉक्सचं बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासात 1,76,218 गाड्या नोंदल्या गेल्या, तेव्हा मला आनंद झाला तो म्हणूनच. माझ्या दारात रॉक्स येणार नव्हती, पण अंबडमध्ये तिसरी शिफ्ट लागण्याची शक्यता होती.

आणि ज्यांना गाडीवर खरं प्रेम करायचं आहे त्यांनी नाशिकच्या रॅलीवाल्यांकडे बघावं. वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशनच्या रॅलींनी या शहराला वेगाची ओढ लावली, आणि त्या मातीत जिप्सीइतकी कुठलीच गाडी रुळली नाही. मारुतीने 1985 मध्ये आणलेली जिप्सी 2019 मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना देणं थांबवलं. बंद झाली म्हणून तिच्या खऱ्या मालकांनी ती विकून टाकली नाही. गिअरबॉक्स कुठे मिळतो, कुठल्या गॅरेजवाल्याचा हात तिच्यावर बसलेला आहे, हे त्यांनी शोधून ठेवलं आणि गाडी धावत राहिली. 2023 मध्ये जिमनी आली तरी त्यांची जिप्सी घराबाहेर उभी आहेच.

म्हणून थारवाल्यांनी टपरीवरचा वेळ एका कामाला लावावा. कंपनीकडे एकत्र जाऊन दोन गोष्टी लेखी मागाव्यात. मॉडेल बंद करायचं असेल तर किमान वर्षभर आधी जाहीर करा, आणि शेवटची गाडी बाहेर पडल्यावर सुटे भाग किती वर्षं मिळतील तो आकडा त्याच दिवशी छापा. मालकाला रिसेलचा अंदाज त्यातूनच मिळेल. सातपूरच्या वेंडरला नवी डाय करायला, नवं काम शोधायला एक वर्ष मिळेल. ही मागणी नाशिकच्या उद्योजकांच्या संघटनांनी आणि कामगार युनियननेही उचलायला हवी, कारण गरज त्यांची सगळ्यात मोठी आहे. महिंद्राने सुरुवात मराझोपासून करावी. तिचे पार्ट कुठल्या सालापर्यंत मिळतील, हे आजच सांगता येण्यासारखं आहे.