पंचेचाळिसावा दिवस

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटचं इंटिरियर ४५ दिवसांत होणार होतं. तसा रंगीत गँट चार्टच हातात पडला होता. हेन्री गँट १९१९ मध्ये वारले, नाहीतर त्यांना साइटवर चहाला बोलावलं असतं. त्यांच्या तक्त्यात एक काम उरकलं की दुसरं सुरू होतं. आमच्याकडे सुतारांनी वॉर्डरोब भिंतीला ठोकला आणि दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन येऊन म्हणाला, "पॉइंट याच्या मागेच आहे ना?" मग नव्याकोऱ्या वॉर्डरोबला भोक.

सनमायका निवडण्यात आमचे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी कळलं, तो रंगच बंद झालाय. सुतार होळीला राजस्थानात गावी गेले. होळी दर फाल्गुनात येते, पण चार्टमध्ये तिला चौकोन नव्हता.

प्रोजेक्ट मॅनेजर मात्र तत्पर. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी साइटचा ताजा फोटो. अकराव्या फोटोनंतर बायको म्हणाली, "अहो, तो फेविकॉलचा डबा आठवडाभर तसाच तिरका कसा?"

शेवटच्या हप्त्याची आठवण आली ती बरोब्बर पंचेचाळिसाव्या दिवशी. सकाळी नऊला.