आखेनचे नाना

जर्मनीतल्या ज्या शहरात नाना राहतात, त्याचं नावच आखेन. हा योगायोग मानायला मी तयार नाही. 'सहल कोण आखेल?' एवढं कुणी पुटपुटलं, की नाना 'आखेन' म्हणून मोकळे.

यंदा त्यांनी होएस फेन धरलं. आखेनच्या दक्षिणेला, बेल्जियमच्या हद्दीत डोंगरमाथ्यावर पसरलेली ही दलदल. पाऊस पिऊन फुगलेलं स्फॅग्नम शेवाळ, खाली हजारो वर्षं साचत आलेलं काळं पीट आणि त्यावरून जाणारी फळ्यांची वाट. फळी सोडली तर बूट दलदलीला अर्पण.

बैठक नानांच्या घरी. पोह्यांच्या आधी एक्सेल आलं. बावीस रकाने! 'चिखलात रुतल्यास' हा एक, आणि 'रुतलेल्याला काढणारा रुतल्यास' हा वेगळा. माणशी मोज्यांचे तीन जोड. शेंगदाण्याची चटणी तेल घालून की कोरडी, यावर पाऊण तास गेला. (कोरडी. तेलाच्या डागांना तेविसावा रकाना लागला असता.)

मग इतिहास. १८७१ च्या जानेवारीत लग्न ठरलेलं एक जोडपं कागदपत्रं आणायला या माळावरून निघालं आणि हिमवादळात गोठून गेलं. तिथं त्यांच्या नावाचा क्रूस आहे. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. नाना म्हणाले, "हवामान बघितलं नव्हतं."

नानांचा खरा जीव मात्र बोत्रांजवर. बेल्जियमचं हे सर्वांत उंच ठिकाण, ६९४ मीटर. "अहो, आमचं पुणंच साडेपाचशेवर आहे," काकू म्हणाल्या. "शिखर कसलं, उंचवटा म्हणा!" नानांनी तिकडे लक्ष दिलं नाही. सातशेला सहा मीटर कमी पडतात म्हणून १९२३ मध्ये तिथं सहा मीटरचा मातीचा ढिगारा रचून वर पायऱ्या केल्या, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला. "याला म्हणतात नियोजन!"

एप्रिलातला तो शनिवार उजाडला. दहा दिवस थेंब नाही, लख्ख ऊन. आम्ही दहाजण गुडघाभर गमबूट घालून, रेनकोट काखेत मारून वाटेच्या तोंडाशी पोचलो, तर समोर लाल झेंडा. कोरड्या दिवसांत पीट पेटतं, जमिनीच्या पोटात धुमसत राहतं, म्हणून झेंडा असला की आत जायचं नाही. दलदलीला आग! बावीसच्या बावीस रकाने पाण्याचे, उन्हाचा एकही नाही. सगळे नानांकडे बघायला लागले. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त 'हवामान' एवढाच शब्द हळूच उच्चारला.

नाना मिनिटभर गप्प. मग म्हणाले, "बोत्रांज रस्त्याकडेलाच आहे."

गेलो. गमबुटांचा फटक फटक आवाज करत ढिगाऱ्याच्या पायऱ्या चढलो. काकू सगळ्यांत पुढे. नानांनी घड्याळ पाहिलं, कागद पाहिला, पुन्हा घड्याळ. 'अंतिम चढाई – ४ मिनिटं' असं लिहिलं होतं आणि आम्ही एका मिनिटात वर.

"उरलेली तीन मिनिटं इथंच थांबायचं," नाना म्हणाले. "पुढचं सगळं कोलमडेल नाहीतर."

आणि आम्ही दहाजण, सातशे मीटर उंचीवर, तीन मिनिटं उभे राहिलो.