आठवा चिरंजीव

पुराणांनी चिरंजीव सातच सांगितले. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम. ही यादी पक्की झाली तेव्हा सॉफ्टवेअर निघालं नव्हतं, म्हणून आठवा राहून गेला. शुक्रवारी संध्याकाळी ‘तात्पुरती टाकतोय, नंतर काढू’ म्हणून टाकलेली कोडची ओळ, तो हा आठवा. अश्वत्थाम्याला अमर राहायला निदान शाप तरी लागला. या ओळीला टीम लीडचं ‘राहू दे रे आत्ता, सोमवारी बघू’ एवढं पुरतं. तो सोमवार कुठल्याही कॅलेंडरात सापडत नाही.

कुठल्याही कंपनीतला जुना कोड उघडून बघा. आधी व्हेरिएबलची नावं दिसतील: डेटा, डेटा वन, डेटा टू, फायनल डेटा, फायनल डेटा न्यू. आणि ज्याच्या जिवावर सगळा कारभार खरोखर चालतो, त्याचं नाव असतं टेम्प. थोडं खाली एक कॉमेंट: ‘हा भाग काढू नये. का ते माहीत नाही. काढला की मार्चची बिलं निघत नाहीत.’ तिच्याखाली काहीही न करणारं एक लूप असतं आणि ते लिहिणारा केव्हाच ऑनसाइट गेलेला असतो. आणखी खाली ट्राय-कॅच. ट्रायमध्ये पानभर खटाटोप, आणि चूक झाली तर काय करायचं हे जिथे लिहायचं त्या कॅचमध्ये काहीच नाही. एक महिरपी कंस उघडला, लगेच बंद केला. आपले पैसे कापले गेले, तिकीट मात्र निघालं नाही आणि पडद्यावर बरोबरची हिरवी खूण आली, तर ओळखावं की आपली तक्रार अशाच एखाद्या रिकाम्या कंसात समाधिस्थ झाली आहे.

हे सगळं आपल्याकडच्याच पोरांचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा नासाकडे बघावं. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्रावर उतरलं, ते एमआयटीच्या प्रयोगशाळेत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर. त्यातल्या चंद्रावर उतरण्याच्या भागात लागोपाठ दोन ओळींपुढे एकच शेरा आहे: तात्पुरतं आहे, अशी आशा, आशा, आशा. तीनदा. गंमत अशी की त्या यानातला प्रोग्रॅम डिस्कवर नव्हता. कारखान्यातल्या बायकांनी तो तांब्याच्या तारांमध्ये, चुंबकी कड्यांच्या आतून-बाहेरून ओवून हाताने विणला होता. म्हणजे ‘तात्पुरत्या’ ओळी आधी तारेत विणल्या गेल्या आणि मग चंद्रावर गेल्या. २०१६ मध्ये हा कोड गिटहबवर आला, तेव्हा जगभरच्या प्रोग्रॅमरांना आपलं कुळ सापडल्याचा आनंद झाला.

कॉमेंटचा विषय निघालाच आहे तर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला वगळून चालणार नाही. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत, एका प्रोसेसकडून दुसरीकडे ताबा देण्याच्या नाजूक जागी लिहून ठेवलं होतं की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी हा ज्येष्ठांचा माज म्हणून वाचला. युनिक्सचे एक कर्ते डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला. ते ‘परीक्षेला येणार नाही’ अशा अर्थाने लिहिलं होतं, आणि खरी अडचण ही की तिथे काय चाललंय ते आम्हालाही कळलेलं नव्हतं. एवढा प्रामाणिक खुलासा आमच्या ऑफिसातल्या कुठल्या मीटिंगमध्ये ऐकायला मिळालेला नाही. त्याच युनिक्समध्ये फाइल तयार करणाऱ्या ‘क्रिएट’चं स्पेलिंग शेवटच्या ई-शिवाय आहे. पुन्हा युनिक्स लिहायचं झालं तर काय बदलाल, असं दुसरे कर्ते केन थॉम्पसन यांना विचारलं, तर ते म्हणाले, तो ई घालीन. ई अजून आलेला नाही.

पण भिडेखातर चिरंजीव झालेली चूक बघायची तर ‘मेक’ बघावं. प्रोग्रॅमचे सुटे भाग जुळवून देणारं हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यात आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते, स्पेस चालत नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच पांढरे, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही आणि ‘सेपरेटर नाही’ अशी एक रुक्ष तक्रार तेवढी समोर येते. हा नियम त्रासाचा आहे हे फेल्डमन यांच्या काही आठवड्यांत लक्षात आलं. पण तोवर डझनभर माणसं, बहुतेक मित्रच, ते वापरायला लागली होती. त्यांची गैरसोय नको म्हणून नियम तसाच राहिला. त्या बारा जणांना चहाला बोलावून ‘बाबांनो, जरा बदल केलाय’ असं सांगितलं असतं तर प्रकरण पाच मिनिटांत मिटलं असतं. बारा जणांची भीड पडली, आणि जवळजवळ पन्नास वर्षं जगभरची माणसं रात्री दोन वाजता न दिसणारा टॅब शोधत बसली आहेत.

पीएचपी ही भाषा त्याच्या वरताण. वेबसाइटींचा केवढा तरी पसारा तिच्यावर उभा आहे आणि तिच्यातल्या फंक्शनांची नावं कुठे आखूड, कुठे हातभर लांब, कुठे अधोरेषा आहे, कुठे नाही. यामागे काही खोल विचार असेल असं लोकांना वाटायचं. तिचे कर्ते रासमुस लेरडॉर्फ यांनीच सांगून टाकलं की सुरुवातीच्या काळात फंक्शन पटकन सापडावं म्हणून त्यांचे गट नावाच्या लांबीवरून पाडले होते. सगळ्या गटांत सारखी गर्दी व्हावी म्हणून नावं वेगवेगळ्या लांबीची ठेवली. बारशाला आत्याने टेप घेऊन येण्यातलाच प्रकार. गट पाडण्याची ती रीत कधीच गेली, नावं मात्र राहिली.

रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून काहीतरी ठोकून द्यायचं, ही आणखी एक जागतिक सवय. तारीख ठाऊक नसली की १ जानेवारी १९७०, फोन नंबर नसला की दहा वेळा नऊ. इथे मात्र महाराष्ट्राने जगाला मागे टाकलं आहे आणि तेही संगणक येण्याआधी. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये उघडते, वय बरोबर बसतं, रकाना भरतो. त्या एका फटक्यात जन्मलेली मंडळी पुढे आधार, पासपोर्ट, पेन्शन सगळीकडे १ जूनचीच राहिली, आणि दर १ जूनला निम्म्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर केकचे फोटो फिरतात. डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणजे काय, हे आमच्या नव्या पोरांना मी असंच शिकवतो. लगेच कळतं.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पैशांपर्यंत पोचलं की जरा घसा कोरडा पडतो.

नाइट कॅपिटल ही अमेरिकेच्या शेअर बाजारातली बडी पेढी. १ ऑगस्ट २०१२ ला न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची एक नवी योजना सुरू होणार होती, तिच्यासाठी पेढीने नवा कोड लिहिला. तो चालू-बंद करायला एक फ्लॅग हवा होता. नवीन कशाला काढा, म्हणून पडून असलेला एक जुनाच उचलला. हा फ्लॅग ‘पॉवर पेग’ नावाच्या एका सोयीचा. ती २००३ पासून बंद. बंद म्हणजे वापर बंद, कोड आपल्या जागी सुखरूप. ठरलेले शेअर घेऊन झाले की आता थांब, हे सांगणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला होता. त्यानंतर पॉवर पेग कुणी तपासलं नाही, कारण जे वापरातच नाही ते तपासायचं कशाला?

नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. सातांवर चढला. आठवा राहिला. काम झालं की दुसऱ्या कुणी एकदा नजर टाकावी, असा लेखी दंडकच नव्हता. सकाळी बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला आणि आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं झोपलेलं पॉवर पेग डोळे चोळत उठलं. थांब म्हणणारं कुणी नव्हतंच. ग्राहकांच्या २१२ छोट्या ऑर्डरी पुऱ्या करता करता त्याने पाऊण तासात ४० लाखांवर सौदे केले, १५४ कंपन्यांचे, ३९ कोटींहून जास्त शेअरांचे. आतल्या लोकांना वाटलं, नव्या कोडमध्येच काहीतरी घोळ आहे. म्हणून त्यांनी तो काढून टाकला, कुठून, तर ज्या सात सर्व्हरांवर सगळं नीट चाललं होतं तिथून. मग आठच्या आठ ठिकाणी पॉवर पेग जागं झालं. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेलं. बाजार उघडण्याआधीच यंत्रणेने पॉवर पेगचं नाव घेऊन पेढीतल्या माणसांना ९७ ईमेल पाठवले होते, हे पुढे सरकारी चौकशीत निघालं. ते ईमेल तातडीच्या इशाऱ्याचे म्हणून धरलेच जात नव्हते. ज्यांच्या इनबॉक्समध्ये ‘सिस्टिम अलर्ट’ नावाचं, कधीही न उघडलेलं फोल्डर आहे त्यांनी इथे फार हसू नये. काही महिन्यांतच नाइट कॅपिटल दुसऱ्या कंपनीत विलीन होण्याचं ठरलं.

युरोपवाल्यांनी हाच उद्योग आकाशात केला. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून आरियान ५ हे नवं रॉकेट पहिल्यांदा उडालं. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर आरियान ४ चं होतं, चांगलं चाललेलं, म्हणून तसंच उचललं. त्यातलं एक गणित उड्डाणाआधीच उपयोगाचं, पण जुन्या रॉकेटच्या सोयीसाठी ते उड्डाणानंतरही ४० सेकंद चालू ठेवलेलं. नव्याला त्याचा काडीइतका उपयोग नव्हता. तरी ते चालू राहिलं, कारण चालतंय त्याला हात लावू नये. आरियान ५ चा आडवा वेग जास्त, त्यामुळे आकडा फुगला आणि १६ बिटांच्या डब्यात, जिथे ३२,७६७ च्या वर काही मावत नाही, तिथे कोंबताना गणित कोसळलं. राखीव संगणक होता. पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, म्हणून तो आधीच पडला होता. मग मुख्य यंत्रणेने काय करावं? पडलेल्या संगणकाने जो बिघाडाचा तपशील पाठवला, तोच तिने उड्डाणाची माहिती समजून वाचला आणि मान्य केला. रॉकेट वळलं, तुटलं आणि उड्डाणाच्या ४० सेकंदांच्या आत त्याने स्वतःला उडवून दिलं. आत चार वैज्ञानिक उपग्रह होते.

याच्या उलट टोकालाही एक पंथ आहे. त्यात काहीच स्वतः लिहायचं नाही, सगळं दुसऱ्याचं आणायचं. आकडा सम आहे का हे सांगणारं ‘इज-इव्हन’ नावाचं पॅकेज आहे. ते स्वतः काही ठरवत नाही, ‘इज-ऑड’ला विचारतं, विषम आहे का? ‘इज-ऑड’ त्याआधी ‘इज-नंबर’ला विचारतं, हा आकडा तरी आहे का? तालुका कचेरीतली तीन टेबलं. मार्च २०१६ मध्ये अशाच एका ११ ओळींच्या पॅकेजच्या कर्त्याने, नावावरून झालेल्या भांडणात, आपलं सगळं सामान परत उचललं. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणं एवढंच त्या ‘लेफ्ट-पॅड’चं काम. तेवढ्यावर मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम बांधून होईनात, आणि ते पॅकेज दोनेक तासांत कर्त्याला डावलून परत जागेवर ठेवावं लागलं.

आता आपल्या घरातलं. वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवायचे ही काटकसर पंच कार्डांच्या काळातली. कार्डाला रकाने ऐंशी, त्यात ‘१९’ लिहून दोन कशाला वाया घालवा? हा प्रोग्रॅम २००० सालापर्यंत टिकणारच नाही, अशी प्रत्येकाची खात्री होती. तो टिकला. मग ते दोन अंक शोधायचं काम अमेरिकेतून पुण्या-मुंबईला आलं आणि त्यावर कोथरूड-डोंबिवलीत किती फ्लॅट उभे राहिले ते बिल्डरांना विचारा. कोबोल ही त्या जुन्या प्रोग्रॅमांची भाषा शिकलेल्या मुलाला स्थळं सांगून येत. दुसऱ्याच्या वाईट सवयीवर आपण एवढे समृद्ध झालो, त्याबद्दल एखादा कृतज्ञता-दिन असायला हरकत नाही.

आणि ती दुरुस्ती तरी कशी केली? पुष्कळ ठिकाणी दोनाचे चार अंक केलेच नाहीत. तेवढा वेळ कुठे होता? त्याऐवजी नियम टाकला: दोन अंक अमुक आकड्याच्या खाली असतील तर एकविसावं शतक, वर असतील तर विसावं. काहींनी तो आकडा वीस धरला. २०२० पर्यंत हा कोड राहतोय कशाला, असं म्हणून. २०२० च्या जानेवारीत त्यातले काही प्रोग्रॅम १९२० सालात जाऊन बसले.

पुढची तारीख ठरलेली आहे. जुन्या यंत्रांत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, ३२ बिटांच्या डब्यात मोजतात. तो डबा १९ जानेवारी २०३८ ला भरेल आणि त्याच क्षणी ती यंत्रं १९०१ मध्ये उडी मारतील. उपाय सगळ्यांना माहीत आहे, मोठा डबा घ्यायचा. बऱ्याच ठिकाणी घेतलाही आहे. राहिलेल्या ठिकाणी तो सोमवारी घेणार आहेत. डबा भरेल तेव्हा भारतात मंगळवार असेल, सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं. ज्यांनी दुरुस्त करायचं ती सगळी मंडळी त्या वेळी हिंजवडीच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकून फोनवर सांगत असतील, “सर, एकदा रीस्टार्ट करून बघा ना, मी पोचतोच.”