टक्के किती निघाले?

सिव्हिल हॉस्पिटलात दिव्यांग बोर्डाचा वार असला की बाकड्यांवर एकच चौकशी चालते : "तुमचे किती निघाले?" दहावीचा निकाल लागल्यासारखं वातावरण. फक्त इथे पास व्हायला ३५ नाही, ४० लागतात.

प्राप्तिकर खात्यालाही या ४० शीच कर्तव्य. ४० निघाले तर कलम ८०-यूखाली उत्पन्नातून ७५ हजारांची वजावट, ८० निघाले तर सव्वा लाखाची. (नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, पण सीएच्या तोंडी अजून ८०-यूच आहे.) खर्चाच्या पावत्या कोणी मागत नाही, हे खरोखर चांगलं. मागतात ते फक्त टक्के.

आता या टक्क्यांचा भाव बघा. ३९ चे ४० झाले की त्या एका टक्क्याला ७५ हजारांची वजावट. ७९ चे ८० झाले की आणखी ५० हजारांची. मधल्या ४१ ते ७९ ला मात्र दमडी जास्त नाही. ते टक्के माणसाने हौस म्हणून बाळगायचे.

एका डोळ्याचंच घ्या. एक डोळा पूर्ण गेला, दुसरा ठणठणीत, तर दिव्यांगत्वाच्या सरकारी मोजमापात हे ३० टक्के. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड मिळतं, पण पांढरं. पिवळं ४० पासून, निळं ८० पासून. पांढऱ्यावर करसवलत नाही. पण हाच डोळा कामावरच्या अपघातात काढावा लागला, तर नुकसानभरपाईच्या कायद्याचं परिशिष्ट कमाईची ताकद ४० टक्क्यांनी घटली असं धरतं. म्हणजे कमाई बुडण्यापुरता डोळा ४० चा आणि कमाईवर कर भरण्यापुरता ३० चा. उरलेल्या डोळ्याने कोणत्या खात्याकडे बघायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

बरं, ७५ हजार म्हणजे काही हातात पडणारे ७५ हजार नव्हेत. ३० टक्क्यांच्या टप्प्यात बसणाऱ्या साहेबाचे सेससकट २३,४०० वाचतात, २० टक्केवाल्या कारकुनाचे १५,६००. पाय दोघांचे सारखेच अधू. आणि पाय अधू म्हणून ज्याला नोकरीच मिळाली नाही, त्याचं वाचतं शून्य. त्याच्या आईबापांसाठी ८०-डीडी आहे म्हणे; पण त्यासाठीही आईबापांची कमाई करपात्र हवी. वजावटीचे हे आकडे २०१५ च्या अर्थसंकल्पात वाढले, त्यानंतर जागचे हललेले नाहीत. फिजिओथेरपीवाल्याने आपली फी मात्र दरम्यान हलवलेली आहे.

आणि हे सगळं जुन्या करप्रणालीत. २०२३ पासून तुम्ही काही बोलला नाहीत तर आपोआप नवी लागते आणि नवीत ८०-यू नाही, ८०-डीडीही नाही. "अहो, पण १२ लाखांपर्यंत करच नाही ना!" खरं आहे. पण ही सवलत सगळ्यांनाच आहे. १५ लाख पगाराचे दोघे शेजारी बसतात, त्यातल्या एकाला सोबतीला माणूस ठेवावा लागतो, व्हीलचेअरची बॅटरी बदलावी लागते. कर दोघांना सारखा. एवढी समता आपल्याकडे दुसरीकडे कुठे सापडत नाही.

अगदीच विसर पडलाय असंही नाही. अंध, मूकबधिर आणि पायाने अपंग नोकरदाराचा घर ते ऑफिसचा प्रवासभत्ता ठरावीक मर्यादेपर्यंत नव्या प्रणालीतही करमुक्त आहे. लिफ्टपर्यंत दिव्यांग, खुर्चीत बसलं की धडधाकट.

तेव्हा एचआरच्या पोर्टलवर बोट टेकवण्याआधी दोन्ही प्रणालींचा हिशेब करून घ्या. नोकरदाराला दरवर्षी निवड करता येते. आणि प्रमाणपत्रावर 'तात्पुरते' असा शेरा असेल तर तारीखही बघा. मुदत संपली की पुढच्या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर खात्यापुरते तुम्ही बरे झालेले असता, नवा कागद येईपर्यंत.